तीन सेकंदांचा हिशेब

गेल्या कार्तिकात एका माजी विद्यार्थ्याच्या मोटारीतून नागपूरहून साकोलीस येण्याचा योग आला. गाडी जर्मन बनावटीची, आलिशान, सेडान या वर्गातली आणि स्वयंचलित गिअरची. पहिल्या मालकाने पाच वर्षे वापरून विकलेली. आमच्या विद्यार्थ्याने ती कर्ज काढून घेतली. तो ठेकेदारी करतो, चार पैसे मिळवितो आणि अजूनही मला पाहून सिगारेट लपवितो. पारडी ओलांडून महामार्गाला लागताच त्याने मोठ्या आदराने एक प्रश्न विचारला. "सर, सगळं येते मला, पण या गाडीतून पुरेपूर पिकअप काढणं काही जमत नाही. दुसऱ्यांच्या गाड्या कशा बाण सुटल्यासारख्या जातात!"

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला हा प्रश्न विचारण्यात त्याची काही चूक नव्हती. दहा वर्षांपूर्वी मीच त्याच्या वर्गाला प्रवेगक तत्त्व शिकविले होते. शाळेच्या पुस्तकात ज्याला त्वरण म्हणतात, मोटारवाले ज्याला पिकअप म्हणतात आणि आम्ही ज्याला प्रवेग म्हणतो, त्या तिन्हींच्या मुळाशी कल्पना एकच आहे. वेग किती आहे हा प्रश्न नव्हे, वेग किती झपाट्याने वाढतो आहे हा प्रश्न. मागणी स्थिर असेल तर ती कितीही मोठी असो, कारखानदार नवे यंत्र घेत नाही. मागणी वाढू लागली की घेतो. जे. एम. क्लार्क यांनी १९१७ मध्ये हे मांडले आणि १९३९ मध्ये पॉल सॅम्युएल्सन यांनी गुणक व प्रवेगक यांची सांगड घालून तेजीमंदीची लाट कशी उठते ते दाखविले. योगायोग असा की, त्याच १९३९ च्या अखेरीस अमेरिकेत ओल्ड्समोबिल कंपनीने हायड्रामॅटिक नावाचा, क्लचचे पायदान नसलेला, आपोआप बदलणारा गिअर मोठ्या प्रमाणावर विक्रीस आणला. असो. विद्यार्थ्याचा प्रश्न मी परत घरी नेला, यंत्रशास्त्राच्या दोन सहकाऱ्यांना छळले, गाडीची मार्गदर्शिका वाचली आणि जे हाती आले ते येथे मांडीत आहे. मधल्या काळात त्याच प्रवासात एक गोष्ट घडली. तिच्यामुळे या लेखाचा रोख बदलला. ती यथाक्रम येईल.

प्रथम यंत्राविषयी. इंजिनाचा स्वभाव असा की, ते मंद फिरत असताना त्याच्यात जोर नसतो. बैलाला जसे चढावर जू बदलून देतात, तसे इंजिनाला गिअर बदलून द्यावे लागतात. साध्या गाडीत हे काम चालकाचा डावा पाय व डावा हात करतो. स्वयंचलित गाडीत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेलाने भरलेले एक पात्र असते, त्यास टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला तर दुसरा वाऱ्याने फिरू लागतो. तेथे वाऱ्याच्या जागी तेल आहे, इतकेच. याची मूळ कल्पना हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याची, १९०५ ची, आणि ती मोटारीसाठी नव्हे तर जहाजांसाठी होती. या पात्राचा मोठा गुण असा की, गाडी जागची हलताना ते इंजिनाचा फिरविण्याचा जोर जवळजवळ दुप्पट करून देते. म्हणूनच स्वयंचलित गाडी सिग्नलवरून सुटताना गुळगुळीत आणि तरीही जोरकस वाटते. पूर्वी तीन वा चार गिअर असत. २००९ पासून आठ गिअरांचे संच आलिशान गाड्यांत रूढ झाले.

आता पुरेपूर पिकअप कसा मिळवावा? उत्तर ऐकून माझा विद्यार्थी हिरमुसला. करण्यासारखे फारसे उरलेलेच नाही. पायदान शेवटपर्यंत दाबले की तळाशी एक हलका खटका लागतो. तो खटका म्हणजे गाडीला दिलेला निरोप आहे की, चालकास आता सर्व काही हवे आहे. गाडी दोन-तीन गिअर खाली उतरते, इंजिनाचे फेरे वाढतात आणि मग ती झेपावते. या निरोपापासून झेपेपर्यंत जो अर्धा-पाऊण सेकंदाचा विलंब होतो, त्यालाच बहुतेक लोक "गाडी ओढत नाही" असे म्हणतात. तो टाळायचा तर ओलांडण्यापूर्वीच स्पोर्ट हा पर्याय निवडून ठेवावा. मग गाडी खालच्याच गिअरमध्ये तयारीत राहते. हाताने गिअर बदलण्याच्या कळा सुकाणूमागे दिलेल्या असतात, पण चालक यंत्राहून चपळ असतो हा अहंकार त्या कळा फार वेळ टिकू देत नाहीत. जागेवरून निघताना पायदान एकदम आपटू नये. ब्रेकवरचा पाय उचलावा, गाडीला एक वीत सरकू द्यावी आणि मग दाबीत जावे. चाके जागच्या जागी गरगरली तर रबर झिजते आणि गाडी पुढे जात नाही. एका पायाने ब्रेक व दुसऱ्याने ॲक्सिलरेटर दाबून धरायचा आणि एकदम सोडायचे, हा प्रकार तरुण मंडळी चलचित्रे पाहून करतात. त्यात इंजिनाची सारी शक्ती त्या तेलात उष्णता होऊन जिरते. काही सेकंदांत ते तेल करपू लागते, आणि तेल गेले की गिअरसंच जातो. त्याचे देयक पाहून पुष्कळांना आपण दुसरी लहान गाडी घेऊ शकलो असतो हे ध्यानी येते.

बाकीच्या गोष्टी चालकाच्या पायाशी नव्हे, त्याच्या संसाराशी निगडित आहेत. गाडीचे वजन सतराशे किलो धरले आणि आत पाच धट्टीकट्टी माणसे बसली, तर साडेतीनशे किलो वाढले. वजन शेकडा वीसने वाढले की तेवढ्याच जोरावर मिळणारा प्रवेग जवळजवळ सहाव्या हिश्श्याने घटतो. मागल्या डिकीत धानाचे पोते असेल तर ते निराळे. चाकांतील हवा कंपनीने दारावरच्या पट्टीवर लिहून दिल्याप्रमाणे असावी. इंजिनाचा श्वास घेण्याचा जाळीदार पुठ्ठा स्वच्छ असावा. आमच्या तुमसरच्या राइस मिलच्या परिसरात भुशाची जी बारीक धूळ उडते, ती या पुठ्ठ्याचा हिवाळ्यातच घास घेते. गिअरसंचातले तेल जन्मभर बदलावे लागत नाही, असे विक्रेते सांगतात. विक्रेत्यांच्या लेखी गाडीचा जन्म हमीच्या मुदतीएवढाच असतो. ऐंशी हजार ते सव्वालाख किलोमीटरच्या दरम्यान ते बदलावे, असा गिअर बनविणाऱ्यांचाच सल्ला आहे, आणि जुनी गाडी घेणाऱ्याने तो आधी पाळावा.

आणि मग वैदर्भीय उन्हाळा. ज्या गाडीचे आकडे युरोपातल्या पंधरा अंशांच्या हवेत काढले जातात, ती मे महिन्यात आमच्याकडे सेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांची हवा ओढते. गरम हवा विरळ असते. दोहोंत शेकडा दहाचा फरक पडतो. प्राणवायू कमी, म्हणून जळण कमी, म्हणून जोर कमी. वातानुकूलन यंत्र त्या जोरातूनच आपला वाटा उचलते. म्हणजे माहितीपत्रकातला पिकअप ज्याला हवा त्याने पौषातल्या पहाटे, एकट्याने, रिकाम्या गाडीतून निघावे. पौषातल्या पहाटे आमच्या रस्त्यावर धुके असते, हा त्यातला पेच.

आणखी एक गंमत जळणाची. देशात पेट्रोलमध्ये शेकडा वीस इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. इथेनॉलच्या एका लिटरमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी असते. मिश्रणात ती शेकडा सहा-सातने घटते. हे इथेनॉल उसाचे, मक्याचे आणि तांदळाचेही. अन्न महामंडळाच्या गोदामातला अतिरिक्त तांदूळ इथेनॉलसाठी देण्याचा निर्णय २०२० मध्ये झाला, २०२३ मध्ये तो थांबला आणि पुढे पुन्हा सुरू झाला. धानाच्या जिल्ह्यातल्या माणसाने आपल्या आलिशान मोटारीच्या टाकीचे झाकण उघडताना ही गोष्ट क्षणभर आठवायला हरकत नाही.

किंबहुना आठवण्यासारखे आणखी पुष्कळ आहे. भंडारा जिल्हा आणि मोटारीचा प्रवेग यांचा संबंध काय, असे वाचकाच्या मनात आले असेल तर त्याने गडेगावपर्यंत यावे. लाखनीजवळ महामार्गाला लागून असलेला अशोक लेलँडचा कारखाना १९८२ मध्ये सुरू झाला. तेथे अवजड मालमोटारी व बसगाड्यांचे गिअरसंच तयार होतात. ज्या यंत्रभागाने गाडीला ओढ मिळते, तो यंत्रभाग या जिल्ह्यातली माणसे चार दशकांहून अधिक काळ कातीत आणि घाशीत आली आहेत. वरठीला, भंडारा रोड स्थानकालगत, सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे. मोटार उद्योगाला लागणारे मिश्र पोलाद तो बनवितो. आणि तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. मॉइल या नावाने त्या आज ओळखल्या जातात. मूळ इंग्रजी कंपनी १८९६ ची. गिअरचे दाते ज्या पोलादाचे कापतात, त्यात शेकडा एकच्या आसपास मँगनीज असते. त्याने पोलादाचा पृष्ठभाग कठीण होण्यास मदत होते व गाभा चिवट राहतो. चिखल्याचा कोणता कण कोणत्या दात्यात गेला हे कोणी सांगू शकणार नाही. तथापि खाण, भट्टी आणि गिअर या तिन्ही पायऱ्या एकाच जिल्ह्यात शे-दीडशे किलोमीटरच्या आत असणे ही साधी गोष्ट नव्हे.

माझ्या लहानपणी या महामार्गाचा क्रमांक ६ होता, आता ५३ आहे. तेव्हा तो अरुंद होता आणि त्यावरून नुसत्या सांगाड्याच्या मालमोटारी जात. पुढे इंजिन, मागे चार लोखंडी पट्ट्या, आणि मध्ये एका लाकडी पाटासारख्या आसनावर उघड्या वाऱ्यात बसलेला चालक. डोक्याला मफलर, डोळ्यांना चष्मा. हे सांगाडे अतिशय सावकाश जात. नव्या इंजिनाला आणि नव्या गिअरला आधी हळू चालवून दाते एकमेकांत मुरू द्यावे लागतात, असे वडील सांगत. आम्ही पोरे सायकलवरून त्या सांगाड्यांशी शर्यत लावीत असू आणि शंभर पावले तरी जिंकत असू.

आता मुख्य मुद्दा, हिशेबाचा. शून्यापासून शंभर किलोमीटर वेगापर्यंत सहा सेकंदांत, हा आकडा प्रत्येक आलिशान गाडीच्या माहितीपत्रकात ठळक अक्षरांत असतो. साधी गाडी हेच बारा सेकंदांत करते असे धरू. मग आपण सहा सेकंद कमावले असे कोणालाही वाटेल. वस्तुतः तसे नाही. दोन्ही गाड्या एकाच रेषेवरून सुटल्या आणि दोन्हींनी शंभराचा वेग गाठल्यावर तोच राखला, तर पुढल्या कोणत्याही खुणेशी त्या तीन सेकंदांच्या अंतराने पोचतील. कारण साधी गाडी त्या बारा सेकंदांत उभी नव्हती, तीही पुढे सरकत होती. म्हणजे सहा सेकंदांच्या जाहिरातीतला खरा नफा तीन सेकंदांचा. नागपूर ते साकोली सुमारे शंभर किलोमीटरच्या वाटेत टोलनाके, वळणे, गावे आणि गुरे यांच्यामुळे वीस वेळा गाडी थांबली आणि वीस वेळा सुटली असे मानले, तरी एकूण लाभ एका मिनिटाचा. मौद्याला चहासाठी आम्ही वीस मिनिटे थांबलो होतो.

खर्चाची बाजू पाहू. माणसांसह अठराशे किलोची गाडी शंभराच्या वेगाला नेण्यासाठी सुमारे सात लक्ष जूल ऊर्जा लागते. एका लिटर पेट्रोलमधून चाकांपर्यंत पोचते ती ऐंशी लक्षांच्या घरात. बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे एका झेपेला सत्त्याऐंशी मिलिलिटर पेट्रोल, चहाच्या एका लहान पेल्याइतके. लिटरला शंभर रुपयांच्या वर भाव धरला तर नऊ रुपये. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळ सज्जन माणसे असे मानतात की, पायदान जपून, कुरवाळीत दाबले की पेट्रोल वाचते. या ऊर्जेचा आकडा झेप सहा सेकंदांत घ्या की वीस सेकंदांत, तोच राहतो. इंजिन अति मंद फिरविल्याने काटकसर होतेच असे नाही. नासाडी होते ती पुढच्या क्षणी ब्रेक दाबल्याने. ते नऊ रुपये ब्रेकच्या तबकड्यांवर उष्णता होऊन हवेत जातात, आणि मग पुन्हा नऊ रुपये. पुढे दोनशे मीटरवर टोलनाका दिसत असताना जो गाडी उडवितो, तो आपला पैसा अक्षरशः जाळीत असतो. प्रवेग किती घेतला याहून घेतलेला वेग किती टिकला, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. आमच्या शास्त्रात गुंतवणुकीची गोष्ट नेमकी हीच आहे. मोठ्या गाजावाजाने उभी राहिलेली औद्योगिक वसाहत दहा वर्षांनी ओस पडते, तेव्हा तेथेही कोणीतरी ॲक्सिलरेटर दाबून लगेच ब्रेक दाबलेला असतो. अशा वसाहती पाहण्यासाठी आम्हाला जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही.

मग आलिशान गाडीच्या या शक्तीला काहीच उपयोग नाही काय? आहे, आणि तो खरा आहे. दुपदरी रस्त्यावर पुढचे वाहन ओलांडताना. ताशी तीस किलोमीटरने जाणारी ट्रॅक्टर-ट्रॉली ओलांडायची, तर मागचे-पुढचे अंतर धरून तिच्यापेक्षा पन्नास मीटर अधिक कापावे लागतात. साध्या गाडीला त्यास सव्वाआठ सेकंद लागतील, जोरदार गाडीला पावणेसहा. म्हणजे उलट्या बाजूला, समोरच्याच्या वाटेत आपण जवळजवळ अडीच सेकंद कमी राहतो. अडीच सेकंदांत माणसाचा जीव वाचतो. हा हिशेब मी त्या दिवशी गाडीत बसूनच मांडून दाखविला आणि माझ्या विद्यार्थ्याला तो फार पटला.

साकोलीहून दक्षिणेकडे आमच्या गावाचा रस्ता फुटतो. दुपदरी, दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या. कापणी झालेली, रस्ताभर पोत्यांनी लादलेल्या ट्रॉल्या. उन्हे कलली होती. एका ट्रॉलीच्या मागे आम्ही लागलो, विद्यार्थ्याने स्पोर्टची कळ दाबली, समोर पाहिले आणि म्हणाला, "सर, आता पाहा." गाडी सुटली. पाठ आसनाला चिकटली. मला आनंद झाला हे कबूल केले पाहिजे. चाळीशी उलटलेल्या माणसाच्या पोटातही त्या वेळी काहीतरी हलते. ट्रॉली मागे पडली आणि त्याच क्षणी समोर, आमच्याच अंगावर, म्हणजे खरे तर त्याच्या स्वतःच्या बाजूने, एक मुलगा सायकलवर येताना दिसला. ब्रेक, किंकाळी, धूळ. आम्ही त्याला चाटून न जाता निघालो, इतकेच. तो सायकलसह रस्त्याखाली बांधीत गेला होता.

आम्ही धावत मागे गेलो. मुलगा उठून बसला होता. गुडघा फुटला होता, सायकलचे पुढचे चाक चंद्रकोरीसारखे वाकले होते आणि डबा उघडून भाताची शिते चिखलात पडली होती. त्याने मला ओळखले. आमच्याच महाविद्यालयाचा, दुसऱ्या वर्षाचा. तो गडबडून उभा राहिला आणि म्हणाला, "सर, माहीच चुकी झाली जी."

त्याची कसलीही चूक नव्हती. तो आपल्या बाजूने, आपल्या वेगाने घरी चालला होता. आमच्या हिशेबात तो नव्हता. मी सव्वाआठ आणि पावणेसहा सेकंदांचे गणित मांडले, तेव्हा समोरून येणारे वाहन म्हणजे मालमोटार किंवा बस असेच मनात धरले होते. विद्यार्थ्यानेही समोर पाहिले ते तसलेच काही शोधण्यासाठी. सायकल आमच्या डोळ्यांना दिसली, पण वाहन म्हणून मोजली गेली नाही. शिवाय त्या गणिताचा दुसरा अर्धा भाग मी गिळला होता. पावणेसहा सेकंदांत ओलांडणारी गाडी ट्रॉलीपुढे निघते तेव्हा तिचा वेग तीसवरून ब्याण्णवपर्यंत गेलेला असतो. सव्वाआठ सेकंदवाली गाडी चौऱ्याहत्तरावर असते. आणि थांबायचे झाल्यास? साठाच्या वेगात माणसाचे भान येण्याचा दीड सेकंद धरून पंचेचाळीस मीटर लागतात, शंभराच्या वेगात सत्त्याण्णव. वाचविलेले सेकंद अशा रीतीने पुढल्या शंभर पावलांत परत मागितले जातात आणि ते मागण्याची पाळी दुसऱ्याच कोणावर येते. अर्थशास्त्रात याला बाह्य परिव्यय म्हणतात: लाभ एकाच्या खात्यावर, खर्च तिऱ्हाइताच्या. वर्गात मी याचे उदाहरण म्हणून बारा वर्षे कारखान्याच्या धुराचे देत आलो.

२०२२ मध्ये देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली, असे केंद्र सरकारचाच अहवाल सांगतो. त्यांतल्या सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदले आहे. मरणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीवाल्यांचा, त्यानंतर पायी चालणाऱ्यांचा. आलिशान गाडीत हवेच्या पिशव्या सहा-आठ असतात, आणि त्या सर्व आत असतात. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरात एका भरधाव पोर्श मोटारीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. ती गाडी विजेवर चालणारी होती. अशा गाडीत गिअर उतरण्याची वाटही पाहावी लागत नाही, पाय टेकताक्षणी सारा जोर चाकांवर येतो. अल्पवयीन आरोपीस प्रथम जामीन देताना रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली, तेव्हा राज्यभर संताप उसळला. संताप योग्यच होता. पण आमच्या रस्त्यावर त्या सायंकाळी कोणी मद्य प्यालेले नव्हते, कोणी अल्पवयीन नव्हते आणि गाडीत एक प्राध्यापक बसले होते.

करांविषयी दोन शब्द लिहिण्याचा मोह आवरत नाही. मोठ्या सेडान गाडीवर उपकरासह अठ्ठेचाळीस टक्क्यांपर्यंत कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो चाळीस झाला. त्याच दिवशी सायकलवरचा कर बारावरून पाचावर आला. कागदावर यात न्याय दिसतो. परंतु सायकल स्वस्त करणे निराळे आणि सायकलला रस्त्यावर जागा देणे निराळे. महामार्ग चौपदरी झाला, त्यावर उड्डाणपूल आले, साकोलीपुढे नवेगाव व नागझिरा यांच्या दरम्यान वन्य प्राण्यांना ये-जा करता यावी म्हणून रस्ता खांबांवर उचलून खालून वाट ठेवली गेली. हे उत्तमच झाले, प्राण्यांचा तो हक्कच आहे. पण गावातून शाळेला येणाऱ्या पोरांसाठी रस्त्याच्या कडेला तीन हात डांबरी पट्टी घालावी, असा ठराव ग्रामपंचायतींनी केला की तो निधीअभावी फिरत राहतो. ती पट्टी झाली असती तर त्या मुलाला बांधीत उतरावे लागले नसते. आमचा पिकअपही कोणाच्या अंगावर आला नसता.

आम्ही मुलाला गाडीत घेतले. तो मागच्या आसनावर अगदी कडेला, पाय आखडून बसला. चामड्याला चिखल लागेल ही त्याला भीती. माझा विद्यार्थी वाटभर बोलला नाही. गिअरचा दांडा त्याने साध्या डी वर आणला होता आणि गाडी चाळीसच्या वर गेली नाही. मागून तीच ट्रॉली आली आणि भोंगा वाजवीत आम्हाला ओलांडून गेली. मुलाच्या घरी त्याच्या आईने आम्हा दोघांनाच आधी पाणी दिले.

दुसऱ्या दिवशी सायकलचे चाक साकोलीत नवे बसवून घेतले. पैसे माजी विद्यार्थ्याने दिले आणि डबाही नवा घेतला. जाताना त्याने मला पुन्हा विचारले, "सर, ते तीन सेकंदांचं काय होतं? मला लिहून द्या." मी त्याच्या डायरीत लिहून दिले. सोमवारी तो मुलगा गुडघ्याला पट्टी बांधून तिसऱ्या बाकावर येऊन बसला. गुणक आदल्या आठवड्यात संपला होता; त्या दिवशी प्रवेगकास आरंभ करायचा होता.